नवरा बेळगावचा, बायको श्रीलंकेची: एक्स-२ व्हिसाचा अर्ज कसा करायचा

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला इथे राहायला जो व्हिसा लागतो तो एन्ट्री व्हिसा. त्यातला एक्स-२ हा पोटप्रकार नवरा-बायको आणि मुलांसाठी आहे. पत्नी परदेशी असो वा पती, नियम एकच. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या पट्ट्यातली मुलं-मुली दुबई, दोहा, मस्कतला नोकरीला जातात, तिथे श्रीलंकेच्या किंवा नेपाळच्या सहकाऱ्याशी ओळख होते, लग्न ठरतं, आणि मग घरात कुणालाच ठाऊक नसतं की सुरुवात कुठून करायची. खाली श्रीलंकेचं उदाहरण धरून सगळी वाट दिली आहे. म्यानमार, मालदीव, बांगलादेशच्या जोडीदारालाही तिचा बराच भाग लागू पडतो. नेपाळ, भूतान आणि पाकिस्तानचं वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

आधी क्रम पक्का करा. पहिल्यांदा लग्नाची सरकारी नोंद, मग जोडीदाराने आपल्या देशातून एक्स-२ साठी अर्ज, मग इथे आल्यावर नोंदणी. "आधी टुरिस्ट व्हिसावर आणू, पुढचं इथे बघू" हा मार्ग सगळ्यांत महागात पडतो. ऑनलाइन मिळणारा ई-टुरिस्ट व्हिसा वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. मुदत संपली की माणूस बेकायदा ठरतो, आणि त्याचा फटका दंडापुरता राहत नाही. जन्मणाऱ्या मुलाच्या नागरिकत्वापर्यंत तो पोहोचतो. पासपोर्टवर चिकटवलेला साधा टुरिस्ट व्हिसा असेल तर भारतीयाशी लग्न झाल्याच्या आधारावर तो इथे एक्स-२ मध्ये बदलण्याची सोय आहे, पण त्यात पोलीस चौकशी आणि मंजुरी येते, आणि मुदतीच्या आत ती होईलच असं धरून चालता येत नाही. लग्न करून परत जाणं आणि तिकडून रीतसर अर्ज करणं, हेच खरं.

लग्न कुठे नोंदवायचं

बेळगावात करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्वांत बिनघोर. विवाह अधिकारी म्हणजे आपल्याकडचे सब-रजिस्ट्रार. दोघांपैकी एकाने तरी नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. नवरा इथलाच आणि सुट्टीवर येऊन महिना झाला असेल तर ती अट त्याच्यावर भागते. आखातातून कालच उतरलेल्या मुलाची मात्र भागत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. नोटीस लावल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी जातात. मग नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लागलं पाहिजे. तीन महिने उलटले की नोटीस रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता हा हिशेब व्हिसाला लावून बघा. जोडीदार ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आला आणि आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नोटीस दिली, तर नोटिशीची मुदत संपायच्या आत त्याचा व्हिसा संपतो. म्हणून लग्नासाठी येताना एक वर्षाचा, अनेकदा ये-जा करता येणारा टुरिस्ट व्हिसा घ्या. मग नोटिशीला एकदा आणि लग्नाला एकदा असं दोनदा येता येतं, किंवा मधला काळ इथेच काढता येतो.

परदेशी बाजूने काय आणायचं: पासपोर्ट आणि चालू व्हिसा, जन्मदाखला, आणि लग्नाला अडथळा नसल्याचा म्हणजे अविवाहित असल्याचा दाखला. हा दाखला मायदेशाहून किंवा त्या देशाच्या भारतातल्या कार्यालयाकडून घेतात. श्रीलंकेचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे आणि उप-उच्चायुक्तालय चेन्नईत; बेळगावकरांना मुंबई बरी पडते. आधी घटस्फोट झाला असेल तर अंतिम हुकूमनामा लागतो. आपल्या बाजूला हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झालेला असेल तर अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही. ती तारीख वकिलाकडून लिहून घ्या.

दोघंही हिंदू असतील, समजा मुलगी जाफन्याची तमिळ हिंदू, तर मंगल कार्यालयात विधिवत लग्न लावून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करता येते. कर्नाटकात त्याचा अर्ज कावेरी पोर्टलवरून भरता येतो. हा रस्ता लवकर संपतो, पण परदेशी पासपोर्ट बघितल्यावर काही कार्यालयं विशेष विवाह कायद्याकडेच बोट दाखवतात. हॉल ठरवण्याआधी आपल्या सब-रजिस्ट्रारांना प्रत्यक्ष भेटून विचारा. निकाह किंवा चर्चमधलं लग्न झालेलं असेल तर धार्मिक दाखल्यावर न थांबता विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली नोंद करून घ्या. तिथेही ३० दिवसांची नोटीस आहेच, पण हातात सरकारी दाखला येतो आणि पुढे प्रत्येक टेबलावर तोच मागतात.

सीमाभागातली एक खास गल्लत इथेच होते. घर बेळगावात, पण पाहुणे सगळे चंदगड-गडहिंग्लजकडचे, म्हणून कार्यालय तिकडे घेतलं जातं. मग नोंद महाराष्ट्रात होते, दाखल्यावर गावचा पत्ता लागतो आणि आधारवर बेळगावचा असतो. हे बेकायदा नाही. पण पत्ता दोन राज्यांत विभागला की पुढे पोलीस चौकशी नेमकी कुणी करायची यावर फाईल घुटमळते. दाखल्यावर नवऱ्याचा कायमचा पत्ता म्हणून जिथे सून राहणार आहे तोच पत्ता येईल, एवढं बघा.

दुसरी वाट म्हणजे लग्न श्रीलंकेत करणं. तिथला दाखला सिंहली किंवा तमिळमध्ये मिळाला तर शपथबद्ध अनुवादकाकडून इंग्रजी करून घ्यायचा आणि मूळ व अनुवाद दोन्ही कोलंबोतल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्य विभागाकडून साक्षांकित करायचे. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली आपल्या तिथल्या दूतावासातही लग्न लावता किंवा नोंदवता येतं.

नावं: इथेच सगळं अडतं

अर्ज परत येण्याचं किंवा महिनोन्‌महिने लोंबकळण्याचं सगळ्यांत मोठं कारण नावांतला फरक. कागदांत दोन देशांच्या आणि तीन-चार लिप्यांच्या नावांची गाठ पडते, म्हणून याला वेळ द्या.

आपल्या बाजूने सुरू करा. चौगुले हे आडनाव एका कागदावर इंग्रजीत "ओयू"ने, दुसऱ्यावर "एयू"ने लिहिलेलं सापडतं. गावडेचा व कुठे "व्ही"ने, कुठे "डब्ल्यू"ने. निपाणीत एक "पी" की दोन, याचा तर मेळच नाही. शाळेचा दाखला मराठी माध्यमाचा, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजी, आणि प्रत्येक ठिकाणी टाइप करणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलेलं. कावेरीवर लग्नाचा अर्ज भरताना इंग्रजी नाव पासपोर्टवरून अक्षर-अक्षर उतरवा, आधारवरून नको. दाखला छापण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा कन्नड वाचता येणारा माणूस सोबत न्या आणि दोन्ही लिप्यांतला मजकूर तपासा. दाखला छापून आल्यावर दुरुस्ती करायला पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र. मसुदा बघायला पाच मिनिटं लागतात.

गावाचं नावही बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं. त्याआधी काढलेल्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या स्पेलिंगने आहे, नंतरच्या कागदांवर नव्या. व्हिसाच्या अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा आणि सध्याचा पत्ता नव्या नावाने. दोन्ही एकच असल्याची एक ओळ सोबतच्या पत्रात टाकली की काम भागतं. त्यासाठी पासपोर्ट बदलायची गरज नाही.

आता तिकडची नावं. सिंहली नावात घराण्याचं लांबलचक नाव आधी येतं, मग स्वतःचं. समजा नाव "विजेसिंघे मुदियान्सेलागे नयना कुमारी" असेल, तर शाळेच्या किंवा नोकरीच्या कागदावर ते "डब्ल्यू. एम. नयना कुमारी" असं आखडलेलं सापडेल. श्रीलंकेतल्या तमिळ माणसाला आपल्यासारखं आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. आपले लोक काय करतात, तर सब-रजिस्ट्रारकडे "नयना संतोष चौगुले" असं नवं नाव सांगून मोकळे होतात. असं करू नका. सासरचं नाव घरात, पत्रिकेत, देवाधर्मात खुशाल लावा. सरकारी दाखल्यावर मात्र तिच्या पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाच्या अर्जातही तो रिकामा ठेवा, मधलं नाव ओढून तिथे बसवू नका. जिथे आखूड नाव आलेलं आहे त्या कागदासाठी "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडून करून घ्या.

नवऱ्याच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढवून घ्यावं का? सक्ती नाही, पण चढवलेलं असलं तर नातं सिद्ध करायला तोच बळकट पुरावा होतो. त्यासाठी पासपोर्ट नव्याने काढावा लागतो, ३६ पानी पुस्तिकेची फी १५०० रुपये. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तारीख मिळाली नाही तर हुबळीचं केंद्र आहे. आखाती नोकरीचा शिक्का त्याच पासपोर्टवर असेल तर हे काम सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका.

पत्त्याचा पुरावा आणि हेस्कॉमचं बिल

इकडे पत्त्यासाठी लोकांच्या हातात पहिल्यांदा येतं ते हेस्कॉमचं वीजबिल. ते काढून नीट बघा. मीटर बहुतेक आजोबांच्या नाहीतर वारलेल्या थोरल्या काकांच्या नावावर असतं, मजकूर कन्नडमध्ये, पत्ता अर्धा तुटलेला, आणि कागद असा की वर्षभरात अक्षरं उडून जातात. कोलंबोतल्या अधिकाऱ्याला यातून तुमचं घर सिद्ध होत नाही. तीन गोष्टी जोडा: ताज्या बिलाची स्पष्ट प्रत, ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी नातं दाखवणारं रेशनकार्ड, आणि सध्याच्या घरमालकाचं (आई-वडील असतील तर त्यांचं) पत्र की मुलगा आणि सून या घरात राहणार आहेत. वारलेल्या माणसाच्या नावावरचं बिल एकटं देऊ नका. घरपट्टीची पावती किंवा खेड्यात पंचायतीचा ई-स्वत्तू (मालमत्तेचा) उतारा सोबत द्या. भाड्याचं घर असेल तर मुदत चालू असलेला करार.

कन्नड आणि मराठी कागदांचा इंग्रजी अनुवाद करून नोटरी करून घ्या. डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि कोर्टाच्या आवारात हे काम करणारे बसतात. अनुवादावर अनुवादकाचं नाव, सही आणि तारीख हवी, नुसता नोटरीचा गोल शिक्का पुरत नाही. जो कागद मुळातच इंग्रजीसह मिळू शकतो तो तसाच मागा, म्हणजे अनुवादाचा खर्च आणि स्पेलिंगचा आणखी एक धोका वाचतो.

याशिवाय नवऱ्याच्या बाजूने एक हमीपत्र लागतं: लग्न कायम आहे, जोडीदाराच्या राहण्या-जेवण्याचा, आजारपणाचा आणि वेळ पडल्यास परत पाठवण्याचा खर्च माझा. हे ई-स्टँपवर टाइप करून नोटरी करा, पासपोर्टच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि नोकरीचं पत्र किंवा धंद्याचा कागद ठेवा. शेतकरी घर असेल तर पहाणी उताऱ्याचा (इकडच्या सातबाऱ्याचा) अनुवाद चालतो, पण बँकेचे आकडे जास्त बोलतात.

अर्ज भरताना

अर्ज भारत सरकारच्या इंडियन व्हिसा ऑनलाइन या संकेतस्थळावर भरायचा, "रेग्युलर व्हिसा" या भागात. पत्त्याचा शेवट "गव्ह डॉट इन" असा आहे का बघा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत, ती जास्तीचे पैसे घेतात आणि तुमचे तपशीलही. अर्ज परदेशी जोडीदाराने स्वतः भरावा, फोनवर तुम्ही सोबत राहा.

पहिल्या पानावर अर्ज कुठल्या दूतावासाकडे जाणार ते निवडायचं असतं. श्रीलंकेत कोलंबोचं उच्चायुक्तालय आहे, शिवाय कँडी, जाफना आणि हंबनटोटा इथे आपली कार्यालयं आहेत. राहत्या पत्त्याप्रमाणे निवडा. व्हिसाचा प्रकार "एन्ट्री", उद्देश "भारतीय नागरिकाचा जोडीदार". इथे टुरिस्ट निवडलं गेलं तर आत लग्नाचा कितीही पुरावा जोडा, मिळणार टुरिस्टच.

तात्पुरता अर्ज क्रमांक स्क्रीनवर येतो तो लगेच लिहून ठेवा. वीज गेली, नेट तुटलं तर त्याच क्रमांकावर पुढे भरता येतं. पुढच्या पानांवर आई-वडिलांची नावं, त्यांचं जन्मस्थान आणि आधीचं-आत्ताचं नागरिकत्व, आजी-आजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे होते का, गेल्या १० वर्षांत कुठले देश पाहिले, गेल्या तीन वर्षांत सार्क देशांत गेलात का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नात लोक हमखास चुकतात. लग्नाला भारतात आलेली मुलगी "नाही" असं भरते, आणि पासपोर्टवर शिक्के असतात. आधीच्या भारतीय व्हिसाचा क्रमांक आणि तारीखही मागतात; जुना पासपोर्ट जवळ ठेवूनच बसा.

भारतातला संदर्भ म्हणून नवऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता पिनकोडसह आणि सतत चालू असलेला फोन द्या. नवरा मस्कतला असेल तर तिथला नंबर देऊ नका, बेळगावच्या घरातल्या, नीट बोलू शकणाऱ्या माणसाचा द्या आणि त्याला लग्नाची तारीख, सुनेचं पासपोर्टवरचं नाव हे सगळं सांगून ठेवा. आत्याने फोन उचलला आणि "आमची नेहा ना, हो हो" म्हणाली तर चौकशी करणाऱ्याच्या कागदावर नेहा नावाची कुणीच नसते.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चौकट नको. अपलोड करायचा आणि चिकटवायचा फोटो एकच असावा. छापलेल्या अर्जावर फोटोच्या चौकटीखाली आणि शेवटी अशा दोन सह्या, दोन्ही पासपोर्टवरच्या सहीसारख्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आणि दोन पानं कोरी हवीत.

लग्नाच्या फोटोंचे चार-सहा प्रिंट द्या: विधी चालू असतानाचा, दोन्हीकडच्या आई-वडिलांसोबतचा, सब-रजिस्ट्रारकडे सही करतानाचा. स्टुडिओतले सजवलेले फोटो यात फारसे उपयोगी नाहीत. मुलाखतीला बोलावलं तर साधंच विचारतात: भेट कुठे झाली, लग्न कुणी लावलं, सासरी कोण कोण आहे, नवरा काय करतो. खरं आणि थोडक्यात सांगायचं.

जोडीदार मायदेशी न राहता आखातात नोकरीला असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातही अर्ज करता येतो, तिथल्या वास्तव्याचा परवाना जोडून. मात्र अशा वेळी विचारणा मायदेशातल्या भारतीय कार्यालयाकडे जाऊ शकते आणि वेळ वाढतो. घाई असेल तर मायदेशातूनच बरं.

एक्स-२ एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा मिळू शकतो. पहिल्यांदा कमी मुदतीचा आला म्हणून नाराज होऊ नका, तो इथे वाढवता येतो. पासपोर्ट हातात आल्या आल्या काउंटरवरच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रकार आणि मुदत वाचून घ्या. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते. आणि व्हिसा हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका.

इथे आल्यावर

बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ देशांतर्गत आहे, त्यामुळे इमिग्रेशनचा शिक्का बेंगळुरू, मुंबई, चेन्नई किंवा गोव्यात बसतो. शिक्क्यावरची तारीख स्पष्ट आहे का ते तिथेच बघा, पुढचे सगळे दिवस तिच्यावरून मोजतात.

घरी परदेशी माणूस उतरला की ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत ऑनलाइन खबर द्यायची असते. आजवर याला फॉर्म सी म्हणत आले. "आमची सूनच आहे की" म्हणून लोक हे सोडून देतात आणि पुढे नोंदणीच्या वेळी तोच कागद मागितला जातो. सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने खातं उघडून ते त्याच दिवशी भरून टाका.

मग नोंदणी. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर ती लागतेच. व्हिसावर खाली काय छापलं आहे ते वाचा: आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करा असं असेल तर १४ दिवसांतच. काम ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या) पोर्टलवर होतं आणि कर्नाटकाचं सगळं बेंगळुरूच्या कार्यालयाखाली येतं. बोलावल्याशिवाय बेंगळुरूला जावं लागत नाही, म्हणून "साहेबाला भेटवतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. पासपोर्ट, व्हिसा, शिक्क्याचं पान, लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फॉर्म सी आणि हमीपत्र वेगवेगळ्या पीडीएफमध्ये चढवा. सगळं एकाच फाईलमध्ये कोंबलं तर परत पाठवतात.

यानंतर स्थानिक पोलीस घरी येतात. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या ठाण्यातून, तालुक्यात एसपींच्या हद्दीतल्या ठाण्यातून. मूळ कागद एका पाकिटात तयार ठेवा, सून घरी असू द्या, शेजारच्यांना कल्पना द्या. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा आणि नाव-तारीख बरोबर असल्याची खात्री करूनच सही करा. तेवढं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

घर बदललं तर कळवायचं. हे सगळीकडेच आहे, पण आपल्याकडे राज्याची हद्द घरापासून चार पावलांवर असते. हिंडलग्यातलं भाड्याचं घर सोडून कारखान्याजवळ म्हणून शिनोळीला गेलात तर तुम्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात गेलात. अंतर थोडं, पण कार्यालय, पोलीस ठाणं सगळं बदललं. ई-एफआरआरओवर पत्ताबदल टाका आणि नव्या घरातून पुन्हा २४ तासांतली खबर द्या. व्हिसाची मुदत संपायच्या दोन महिने आधी वाढीचा अर्ज करा. पासपोर्ट नवा निघाला तर जुना फेकू नका, व्हिसा त्याच्यावर असतो. सुनेला नोकरी करायची असेल तर आधी एफआरआरओकडून परवानगीचं विचारून घ्या, मग रुजू व्हा.

अर्जाआधीच्या १२ महिन्यांत मिळून १८२ दिवस राहून झाले की तिचं आधारही काढता येतं. ते व्हिसाच्या मुदतीपर्यंतच चालतं, हे बँकेत आणि गॅस एजन्सीत लक्षात ठेवा.

नेपाळ, भूतान, पाकिस्तान, बांगलादेश

नेपाळ आणि भूतानच्या जोडीदाराला व्हिसाच लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिक इथे राहू शकतात, नोकरी करू शकतात. लग्नाची नोंद तरीही करा, नागरिकत्वाच्या वेळी तीच लागते. वऱ्हाड काठमांडूला विमानाने जाणार असेल तर प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना चालतं. वऱ्हाडातले चाळिशीचे मामा आधार घेऊन विमानतळावर अडकतात ते यामुळे.

मालदीवच्या नागरिकाला ९० दिवस बिनाव्हिसा पर्यटनाला येता येतं, पण संसाराला त्याचा उपयोग नाही, एक्स-२ लागतोच. पाकिस्तानी नागरिकांची व्हिसासेवा भारताने २४ एप्रिल २०२५ ला थांबवली. बांगलादेशच्या, भारतीयाशी लग्न झालेल्या महिलांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वेगळी तरतूद आहे, आणि पुढे सांगितलेलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड पाकिस्तान व बांगलादेशच्या आजी-माजी नागरिकांना मिळत नाही.

पुढची पायरी

लग्नाची नोंद होऊन आणि संसार चालू राहून दोन वर्षं सलग झाली की जोडीदार ओसीआय कार्डासाठी अर्ज करू शकतो. दोन वर्षं नोंदीवरून मोजतात, हळदीच्या तारखेवरून नाही. नोंद उशिरा केली तर तेवढा उशीर इथे भोवतो. भारतात अर्ज केल्यास फी १५,००० रुपये, आणि टुरिस्ट व्हिसावर असताना तो करता येत नाही. घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होतं. नागरिकत्वासाठी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ग) खाली अर्जाआधी सात वर्षं भारतात वास्तव्य लागतं, आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. सात वर्षांचा हिशेब पासपोर्टच्या शिक्क्यांवरून होतो, म्हणून माहेरच्या प्रत्येक फेरीची तारीख वहीत लिहून ठेवा.

आणि मुलांचं. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल तेव्हाच जन्माने नागरिक ठरतं, जेव्हा एक पालक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा राहणारा नसेल. व्हिसाची मुदत उलटून गेलेली आई किंवा वडील कायद्याच्या भाषेत बेकायदाच. बाळंतपणाच्या धावपळीत नेमकी वाढीची तारीख निसटते, म्हणून मूल होणार असेल तेव्हा सगळ्यांत आधी व्हिसाची तारीख बघा. बाळंतपण माहेरी, कोलंबोत होणार असेल तर तिथल्या भारतीय कार्यालयात जन्माची नोंद एक वर्षाच्या आत करायची. बाळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि वडिलांचं पासपोर्टवरचं नाव तिथल्या रुग्णालयाच्या फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहून द्या.